मुंबई-दिल्ली विमानप्रवास : अंतर ११३८ किलोमीटर, वेळ मात्र किती?

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,१३८ किलोमीटर आहे. ताशी सव्वाआठशे ते साडेआठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला हे अंतर कापण्यासाठी दीड तासही लागू नये, असे साधे गणित सांगते. तिकिटावर मात्र दोन तास पाच मिनिटांपासून दोन तास वीस मिनिटांपर्यंतचा कालावधी छापलेला असतो. विमानात बसल्यावर वैमानिक उड्डाणाचा काळ एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास असल्याचे जाहीर करतो. आणि दादरच्या घरातून निघून दिल्लीतील करोल बागेत पोहोचेपर्यंत प्रवाशाचे पाच-सहा तास खर्ची पडलेले असतात.

हे सर्व आकडे आपापल्या जागी खरे आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचे मोजमाप करतो, एवढेच. तथापि त्यांतील फरक ठाऊक नसल्याने प्रवाशाची दोन प्रकारे फसगत होते. पुढील बैठक किंवा पुढचे विमान गाठण्याचे त्याचे नियोजन कोलमडते. आणि विमान रद्द झाले अथवा रखडले तर आपल्याला काय मिळावयास हवे, हे त्याला कळत नाही. कारण भरपाईचे नियम अंतरावर नव्हे, तर वेळापत्रकातील कालावधीवर आधारलेले आहेत. देशातील सर्वाधिक वर्दळीच्या या हवाई मार्गाच्या निमित्ताने अंतर आणि वेळ यांचा हा हिशेब समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अंतर मोजतात कसे?

पृथ्वी गोल असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही सपाट कागदावरील सरळ रेषा नसते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल त्या दोन ठिकाणांतून नेल्यास पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. या वर्तुळाचा दोन ठिकाणांमधील लहान भाग म्हणजेच त्यांच्यातील हवाई अंतर.

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे २८ अंश ३४ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७७ अंश ६ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. या दोन बिंदूंमधील बृहद्वृत्तीय अंतर १,१३८ किलोमीटरच्या आसपास भरते. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने हे अंतर सुमारे ६१५ सागरी मैल होते.

विमान जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, म्हणजे तेवढ्या मोठ्या वर्तुळावरून जाते. मग अंतर वाढत नाही का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अंतर वाढते, पण पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येपुढे अकरा किलोमीटर नगण्य असल्याने ही वाढ अवघी दोन किलोमीटर भरते.

तुलनेसाठी पाहायचे तर मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे रेल्वेचे अंतर सुमारे १,३८५ किलोमीटर आहे. म्हणजे लोहमार्ग हवाई अंतराहून सुमारे अडीचशे किलोमीटरांनी लांब आहे. राजधानी एक्स्प्रेस हे अंतर कापण्यास साधारण साडेपंधरा तास घेते.

रेषा कोठून जाते?

मुंबईहून दिल्लीकडे काढलेली ही रेषा उत्तर-ईशान्य दिशेने, म्हणजे उत्तरेपासून सुमारे २१ अंश पूर्वेकडे कललेली आहे. ती पालघर जिल्ह्यातील जव्हारच्या परिसरावरून गुजरातेत शिरते, पुढे दाहोद आणि झाबुआ यांच्या दरम्यानच्या आदिवासी पट्ट्यावरून मध्य प्रदेशात जाते, मंदसौरच्या जवळून राजस्थान गाठते आणि जयपूरला डाव्या हाताला ठेवून दिल्लीकडे सरकते. मंदसौरचा परिसर हा जवळजवळ या वाटेचा मध्य होय.

या दिशेचा एक व्यावहारिक परिणाम आहे. उत्तरेपासून पूर्वमार्गे दक्षिणेपर्यंतच्या दिशांकडे जाणारी विमाने विषम उंचीवरून, म्हणजे ३३, ३५ किंवा ३७ हजार फुटांवरून, तर पश्चिमेकडील दिशांना जाणारी विमाने सम उंचीवरून, म्हणजे ३२, ३४ किंवा ३६ हजार फुटांवरून नेण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यामुळे दिल्लीला जाणारे आणि दिल्लीहून येणारे विमान एकाच वाटेवर समोरासमोर आले, तरी त्यांच्यात किमान एक हजार फुटांचे अंतर राहते. पूर्वी एवढ्या उंचीवर दोन हजार फुटांचे अंतर ठेवावे लागे. नोव्हेंबर २००३ मध्ये भारतीय आकाशात हे अंतर निम्म्यावर आणण्यात आले आणि त्याच आकाशात अधिक विमानांना सोयीच्या उंचीवरून उडणे शक्य झाले.

नकाशावरची रेषा आणि आकाशातील वाट

प्रत्यक्षात कोणतेही विमान बृहद्वृत्ताची रेषा तंतोतंत पाळत नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात. या मार्गांवर ठरावीक अंतरांवर नाव दिलेले काल्पनिक बिंदू असतात आणि विमान एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे जाते. विमानतळावरून बाहेर पडण्याच्या आणि आत येण्याच्या वाटाही ठरलेल्या असतात. त्यातच हवाई दलासाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रांना वळसा घालावा लागतो. मुंबई-दिल्ली मार्गाच्या पश्चिमेला राजस्थान-गुजरातचा सीमाभाग असल्याने या भागात अशी क्षेत्रे असणे साहजिकच आहे.

देशाच्या हवाई हद्दीपैकी केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध असल्याचे तत्कालीन परिस्थितीविषयी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १६ मे २०२० रोजी सांगितले होते. हे निर्बंध शिथिल केल्यास विमान वाहतूक क्षेत्राचे वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपये वाचतील, असा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला. लष्कराला नको असेल त्या वेळी राखीव क्षेत्र नागरी विमानांना खुले करणे, हा त्यामागील विचार होता. नियंत्रकाने दोन-तीन बिंदू वगळून थेट पुढच्या बिंदूकडे जाण्याची परवानगी दिली, की प्रवाशाला न कळता काही मिनिटे वाचतात, ती अशी.

वेगाचे गणित

या मार्गावर प्रामुख्याने एअरबस ३२० आणि बोइंग ७३७ या कुळांतील विमाने उडतात. त्यांचा मध्य-उड्डाणातील वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.७८ पट, म्हणजे ३५ हजार फुटांवर ताशी अंदाजे ८३० किलोमीटर असतो. या वेगाने १,१३८ किलोमीटर कापण्यास सुमारे ८२ मिनिटे लागतील. परंतु विमानाला हा वेग संपूर्ण वाटेवर मिळत नाही.

उड्डाणानंतर पूर्ण उंची गाठण्यास साधारण वीस मिनिटे लागतात. दहा हजार फुटांखाली वेगाची कमाल मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर असते. उतरतानाही तीच मर्यादा लागू होते. उतरण्यासाठी प्रत्येक एक हजार फुटांमागे सुमारे तीन सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३५ हजार फुटांवरील विमानाला खाली येण्यास सुमारे दोनशे किलोमीटर लागतात. दिल्लीला जाणारे विमान जयपूरचा परिसर मागे टाकताच उतरू लागते, ते यामुळेच. याचा अर्थ असा की, साडेअकराशे किलोमीटरच्या या प्रवासात जेमतेम दोन-तृतीयांश भाग पूर्ण वेगाने पार पडतो.

चढण्या-उतरण्याचा हा वेळ जवळच्या आणि लांबच्या प्रवासासाठी जवळपास सारखाच असतो. म्हणूनच अंतर निम्मे झाले तरी वेळ निम्मा होत नाही. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, म्हणजे दिल्लीच्या अंतराच्या ६० टक्के आहे. तरीही वेळापत्रकात नागपूरसाठी दीड तासाच्या आसपास, म्हणजे दिल्लीच्या वेळेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक वेळ ठेवावा लागतो.

वाऱ्याचा हिशेब

हिवाळ्यात उत्तर भारतावर मोठ्या उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. हवामानशास्त्रात या प्रवाहाला जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना हा वारा पाठीवर मिळतो आणि पश्चिमेकडे येणाऱ्यांना तो तोंडावर घ्यावा लागतो. दिल्ली-गुवाहाटी यांसारख्या पूर्व-पश्चिम मार्गांवर जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत त्यामुळे ठळक फरक पडतो.

मुंबई-दिल्ली मार्ग मात्र मुख्यतः दक्षिणोत्तर असल्याने हा वारा विमानाच्या कुशीवर येतो. त्याचा जेमतेम एक-तृतीयांशाहून थोडा अधिक जोर प्रवासाच्या दिशेने लागतो. समजा, संपूर्ण वाटेवर ताशी शंभर किलोमीटर वेगाचा पश्चिमेचा वारा आहे. तर दिल्लीकडे जाताना विमानाचा जमिनीच्या संदर्भातील वेग ताशी सुमारे ८६५ किलोमीटर होईल आणि मुंबईकडे येताना तो ७९० किलोमीटरपर्यंत खाली येईल. पूर्ण वेगाने सारे अंतर कापले, असे धरले तरी जाण्या-येण्यात सात मिनिटांचाच फरक पडेल. त्यातही हा जोरदार वारा वाटेच्या उत्तर भागातच असतो. म्हणून या मार्गावर मोठा उशीर झाला, तर त्याचा दोष वरच्या वाऱ्याला देता येणार नाही. कारण जमिनीजवळच शोधावे लागते.

जमिनीवरची मिनिटे

तिकिटावर छापलेला काळ हा उड्डाणाचा नसतो. प्रवासी जिन्यापासून किंवा पुलापासून सुटून विमान हलू लागल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी पूर्ण थांबेपर्यंतचा तो काळ असतो. विमान व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाच्या चाकांपुढे लावलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा काळ, असा त्या शब्दामागील मूळ अर्थ आहे.

विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, धावपट्टीपर्यंत जाणे आणि तेथे रांगेत थांबणे यांत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. दिल्लीत उतरल्यावर टर्मिनलपर्यंत पोहोचण्यास आणखी दहा-पंधरा मिनिटे लागतात. दिल्ली विमानतळावर २०२३ पासून चार धावपट्ट्या आहेत आणि त्यांतील काही टर्मिनलपासून बऱ्याच दूर आहेत. कोणती धावपट्टी वाट्याला येते, यावर ही मिनिटे ठरतात. वारा पश्चिमेचा असेल तर विमानाला पूर्वेकडून येऊन उतरावे लागते. म्हणजे मुंबईहून आलेल्या विमानाला दिल्ली शहराला वळसा घालून पलीकडे जावे लागते.

उड्डाणाची शंभर मिनिटे आणि जमिनीवरची तीस मिनिटे यांची बेरीज केली, की दोन तास दहा मिनिटांचा आकडा हाती येतो. त्यावर कंपनी काही मिनिटे राखीव म्हणून ठेवते.

मुंबईवरील घिरट्या

परतीच्या प्रवासात खरी अडचण मुंबईची आहे. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही आणि व्यवहारात तो एका धावपट्टीचा विमानतळ ठरतो. एवढ्या मर्यादेतही या विमानतळाने २०१८ मध्ये एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा हाताळली. पण जेथे दर सव्वा-दीड मिनिटाला एक विमान उतरते वा उडते, तेथे एका विमानाने धावपट्टी सोडण्यास थोडा विलंब लावला, तरी त्यामागची सारी रांग आकाशात तिष्ठते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये याच कारणास्तव मुंबईतील विमानांची संख्या कमी करण्याचे आदेश दिले. गर्दीच्या काळात तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर काळात ४४ ऐवजी ४२ विमानांची मर्यादा ठरवण्यात आली. विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे सरकारने त्या वेळी म्हटले होते. विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळते. त्यामुळे अशा घिरट्यांत १.७ ते २.५ किलोलिटर इंधन वाया जाते आणि त्याची किंमत एक लाख ८० हजार ते दोन लाख ६० हजार रुपये होते, असा हिशेबही सरकारने दिला होता.

हाच हिशेब पुढे नेला, तर केवळ दहा मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे ३३० किलो इंधन जळते. एक किलो विमान इंधनापासून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, असे प्रमाण आंतरराष्ट्रीय स्तरावर वापरले जाते. म्हणजे एका विमानाच्या दहा मिनिटांच्या घिरट्या मुंबईच्या हवेत एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतात. या खर्चाचा भार शेवटी तिकिटाच्या दरावरच पडतो.

दिल्लीची अडचण वेगळी आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी अखेरपर्यंत तेथे दाट धुके पडते. आधुनिक उपकरणांच्या साहाय्याने धावपट्टीवरील दृश्यमानता ५० मीटरपर्यंत खाली आली तरी विमान उतरवता येते. मात्र त्यासाठी विमानतळ, विमान आणि वैमानिक या तिघांचीही तशी तयारी लागते. उड्डाणासाठी तर साधारण १२५ मीटर दृश्यमानता आवश्यक असते. त्यामुळे विमाने उतरतात पण उडत नाहीत, जागा अडून राहतात आणि सकाळचा खोळंबा मुंबईच्या संध्याकाळच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचतो.

वेळेवर आले, म्हणजे काय?

ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानण्याची पद्धत विमान व्यवसायात रूढ आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दिल्ली-मुंबईसह प्रमुख विमानतळांवरील कंपन्यांच्या वक्तशीरपणाची टक्केवारी दरमहा प्रसिद्ध करते आणि कंपन्या तिचा जाहिरातीत वापर करतात.

येथे वेळापत्रकातील राखीव मिनिटांचे महत्त्व लक्षात येते. एखादा प्रवास नेहमी दोन तास पाच मिनिटांत पूर्ण होत असेल आणि वेळापत्रकात दोन तास वीस मिनिटे लिहिली असतील, तर विमान पंधरा मिनिटे उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचते. पंधरा मिनिटांची सूट धरली, तर अर्धा तास उशीर होऊनही ते कागदोपत्री वक्तशीर ठरते. विमान वेळेआधी उतरले म्हणून प्रवाशाला आनंद होतो. प्रत्यक्षात ते नेहमीच्याच वेळेत आलेले असते.

राखीव मिनिटे ठेवणे सर्वस्वी गैर आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. गर्दीच्या विमानतळावर रोजचा वेळ दहा-वीस मिनिटांनी कमी-अधिक होतच असतो. अगदी काटेकोर वेळापत्रक आखले, तर सकाळचा पहिला उशीर दिवसभरात चार-पाच फेऱ्या करणाऱ्या त्याच विमानाच्या प्रत्येक फेरीत वाढत जाईल. पुढचे विमान गाठावयाचे असलेल्या प्रवाशाला तर खोट्या वेगापेक्षा खरी वेळ अधिक उपयोगी पडते. प्रश्न प्रमाणाचा आहे. मिनिटे वाढवत नेली, की विमान, कर्मचारी आणि विमानतळावरील जागा विनाकारण अडून राहते आणि वक्तशीरपणाच्या टक्केवारीचा अर्थ पातळ होतो.

प्रवाशाच्या हक्कांशी संबंध

महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशाला मिळावयाच्या सवलती या ब्लॉक टाइमवर ठरतात. ज्या प्रवासाचा कालावधी अडीच तासांपर्यंत आहे, त्याला दोन तास वा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेत हजर झालेल्या प्रवाशांना खाण्या-पिण्याची व्यवस्था द्यावी लागते. अडीच ते पाच तासांच्या प्रवासासाठी हीच मर्यादा तीन तासांची आहे. मुंबई-दिल्ली प्रवास पहिल्या गटात मोडतो. म्हणजे दोन तासांचा खोळंबा झाला, की चहा-फराळ मागणे हा प्रवाशाचा हक्क आहे. कंपनीची मेहेरबानी नव्हे. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे यांपैकी एकाची निवड प्रवाशाला करता येते. केवळ उशिराबद्दल रोख भरपाईची तरतूद मात्र देशांतर्गत नियमांत नाही.

पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द केले, तर तिकिटाच्या परताव्याखेरीज भरपाई मिळते. एक तासापर्यंतच्या प्रवासासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक काळाच्या प्रवासासाठी १०,००० रुपये अशा पायऱ्या आहेत. ही रक्कम किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी कमी असेल ती द्यावी लागते. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा यांसारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी ही तरतूद लागू होत नाही.

वेळापत्रकात दोन तास पाच मिनिटे लिहिलेले मुंबई-दिल्ली विमान त्यामुळे सर्वांत वरच्या पायरीत येते. उड्डाणाचा प्रत्यक्ष काळ पावणेदोन तास असला, तरी भरपाईचा विचार करताना तो धरला जात नाही. तिकिटावरील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ जपून ठेवण्याचे महत्त्व यात आहे.

तीन मुक्कामांपासून थेट प्रवासापर्यंत

मुंबई-दिल्ली विमानसेवा टाटांच्या विमान कंपनीने नोव्हेंबर १९३७ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर येथे थांबत दिल्लीला पोहोचत असे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. नागपूरमार्गे मुंबई-दिल्ली हे अंतर सुमारे १,५४० किलोमीटर भरते. सरळ वाटेहून ते चारशे किलोमीटरांनी अधिक असले, तरी चारही महानगरे एका रात्रीत जोडण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय होता.

त्या काळातील डकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडत असे. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये व्हायकाउंट, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे पहिले जेट आणि १९७६ मध्ये तीनशे आसनांच्या आतबाहेरचे एअरबस ए-३०० आणले. कॅराव्हेलनंतर प्रवासी जेट विमानाच्या वेगात मोठी वाढ झालेली नाही. म्हणजे गेल्या साठ वर्षांत मुंबई-दिल्ली प्रवासाचा आकाशातील वेळ फारसा घटलेला नाही. या काळात वाढली ती विमानांची संख्या, आणि तिच्याबरोबर जमिनीवरची आणि रांगेतील मिनिटे.

घर ते घर

प्रवाशाच्या दृष्टीने खरा कालावधी घरापासून मुक्कामापर्यंतचा असतो. देशांतर्गत प्रवासासाठी सामान जमा करण्याची खिडकी सामान्यतः सुटण्याच्या वेळेआधी एक तास बंद होते आणि विमानात चढण्याचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी मिटते. सुरक्षा तपासणीची रांग धरता दीड ते दोन तास आधी पोहोचावे लागते. दिल्लीत सामान मिळून बाहेर पडण्यास अर्धा तास लागतो. सव्वादोन तासांचा प्रवास अशा प्रकारे विमानतळाच्या आतच साडेचार तासांवर जातो. शहरातील जाण्या-येण्याचा वेळ त्यावर वेगळा.

हा शहरातील वेळ आता काही प्रमाणात मोजता येऊ लागला आहे. दिल्लीत २०११ पासून विमानतळ ते नवी दिल्ली स्थानक अशी स्वतंत्र मेट्रो धावते आणि हे अंतर साधारण वीस मिनिटांत पार होते. मुंबईत भुयारी मेट्रो तीनची विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलजवळ स्थानके आहेत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तेथून दिल्लीचे हवाई अंतर सुमारे १,१४१ किलोमीटर, म्हणजे जुन्या विमानतळाहून केवळ तीन किलोमीटरांनी अधिक आहे. आकाशात हा फरक पंधरा सेकंदांचाही नाही. पण पनवेल, खारघर, उरण येथील प्रवाशाचा सांताक्रूझ-सहारपर्यंतचा रस्ता त्यामुळे वाचतो. उलट बोरिवली किंवा वसईच्या प्रवाशाने चुकून तेथील तिकीट काढले, तर त्याचा प्रवास तासा-दीड तासाने वाढू शकतो.

तिकीट काढताना लक्षात ठेवाव्यात अशा बाबी

तिकिटावर विमानतळाचे नाव आणि टर्मिनलचा क्रमांक पाहावा. मुंबईच्या जुन्या विमानतळाचे सांकेतिक नाव बीओएम, नवी मुंबईचे एनएमआय आणि दिल्लीच्या पालम येथील विमानतळाचे डीईएल असे आहे.

दोन विमानांच्या वेळापत्रकातील कालावधीत दहा-पंधरा मिनिटांचा फरक दिसला, म्हणून कमी वेळेचे विमान अधिक वेगवान आहे, असे मानू नये. तो बहुधा राखीव मिनिटांचा किंवा गर्दीच्या वेळेचा फरक असतो.

दिल्लीहून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर छापलेल्या पोहोचण्याच्या वेळेनंतर किमान तीन तास हाताशी ठेवावेत. धुक्याच्या दिवसांत त्याहून अधिक. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असल्यास पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी कंपनीकडे राहते, वेगवेगळ्या तिकिटांवर ती प्रवाशाच्या माथी येते.

महत्त्वाच्या कामासाठी त्याच दिवशी जाऊन परतायचे असेल, तर सकाळी लवकरचे विमान निवडावे. विमान आदल्या रात्रीच विमानतळावर आलेले असल्याने आधीच्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. हिवाळ्यातील दिल्ली मात्र या नियमाला अपवाद आहे. तेथून पहाटे निघण्यापेक्षा दुपारी निघणे श्रेयस्कर. सूर्य वर आल्यावर धुके विरते आणि वेळापत्रक हळूहळू मार्गावर येते.